कनवटीचं बूच

धोंडुबाईला पाण्याची भीती होती आणि ती तिनं कधी लपवली नाही. आटपाडी तालुक्यातल्या पांढरओढ्यात तिचा जन्म, आणि लग्नही त्याच ओढ्याच्या पलीकडच्या वस्तीवर. त्या मुलखात पाणी म्हणजे डोक्यावरच्या हंड्यात मावेल तेवढंच. सासरची माणसं मेंढरं राखायची. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कृष्णाकाठाला उतरायची आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायची. कृष्णेच्या काठावर तिनं वीस वर्षं तळ ठोकला, पण घोट्याच्या वर कधी पाणी लागू दिलं नाही.

मग उपसा सिंचन योजनेचं पाणी कालव्यानं आलं. वस्तीच्या खालचा तलाव दुष्काळात खणलेला. त्यात वर्षानुवर्षं पोरं क्रिकेट खेळायची. तो एका उन्हाळ्यात काठोकाठ भरला आणि परत आटलाच नाही. तोवर नवरा नानासो याचे गुडघे चालून चालून झिजले होते. मेंढरं कमी केली, वस्तीतल्या अकरा घरांनी मिळून मच्छीमार संस्था काढली, तलावात मासळीचं बी सोडलं. मिरजेकडचा एक म्हातारा भोई महिनाभर राहून सगळ्यांना जाळं टाकायला शिकवून गेला. तो धोंडुबाईची बोटं बघून हसला होता. मेंढरं कोंडायला जाळीचं कुंपण लागतं, त्याला वाघर म्हणतात. तिच्या गाठी मारण्यात धोंडुबाईचा जन्म गेलेला. मासळीच्या जाळ्याची गाठ तिला एका दुपारीत आली. तेव्हापासून वस्तीची सगळी जाळी तीच विणायची, तीच सांधायची. पाण्यात मात्र नानासो जायचा.

आधी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी बांधून त्यावरनं मासे धरायचे. पुढं संस्थेला फायबरच्या चार होड्या मिळाल्या, त्यातली एक नानासोच्या वाट्याला आली. पांढरी, लांबट, आत तळावर लाकडी फळ्या अंथरलेल्या. पहिल्या दिवशी धोंडुबाईनं तिला हळदकुंकू लावलं आणि काठावरच उभी राहिली. कटला, रोहू, चिलापी टेंपोनं मिरजेला जाऊ लागली. मल्हार, त्यांचा मुलगा, सांगलीत विश्रामबागला कुरिअरच्या हापिसात नोकरीला होता. तो फोनवर म्हणायचा, आमच्या इथल्या बाजारात आपल्या तळ्याची चिलापी येती. तिला ते ऐकायला बरं वाटायचं.

आणि मग चोऱ्या सुरू झाल्या.

आधी ओढ्याच्या खालच्या अंगाला दुसरा एक तलाव आहे, तिथली दोन जाळी गेली. मग एका होडीचं इंजिन. मग माघ महिन्यात तिथली अख्खी होडीच गेली, आणि त्या वेळी तिथं पगारावर राखणीला बसलेला माणूस सुलाबाईचा दीर होता. सुलाबाई म्हणजे धोंडुबाईची शेजारीण. चोरांनी त्याचे हात पाठीमागं बांधले, तोंडात त्याचाच टॉवेल कोंबला आणि त्याला बाभळीच्या काट्यांत टाकून गेले. तो सापडला दुसऱ्या दिवशी. धोंडुबाई त्याला बघायला गेली होती. बांधायला त्यांनी जाळ्याचीच नायलॉनची दोरी वापरली होती. मनगटाभोवती काळेनिळे वळ उठलेले. तो कुणाकडंच बघत नव्हता. कुणी चहाचा कप पुढं केला तरी दचकत होता.

तिथनं परत आल्यापासून धोंडुबाईला भीतीनं घेरलं. तिची झोप गेली. बंधाऱ्यावरनं गाडी गेली की ती हातातलं काम टाकून उभी राही. होडी वस्तीच्या बाजूच्या काठावर असायची. तिथं टेंपो आणायचा तर घरांच्या दारावरनं आणावा लागतो, म्हणून नानासो निर्धास्त होता. तरी त्यानं लोखंडी साखळी आणली, होडी बाभळीला बांधली, कुलूप घातलं. धोंडुबाईनं विचारलं की त्या दुसऱ्या तलावावरच्या होडीला साखळी नव्हती का. नानासोनं कुलूप ओढून बघितलं. होती, आणि कापलेली सापडली होती.

बुचाची युक्ती तिची. होडीच्या मागच्या अंगाला तळाशी एक भोक असतं. होडी काठावर ओढली की आत साचलेलं पाणी त्यातनं निघून जातं. पाण्यात घालायच्या आधी त्याला आट्यांचं काळं बूच घट्ट बसवायचं. धोंडुबाईनं ठरवलं, रोज होडी वर ओढली की बूच काढून आपल्यापाशी ठेवायचं. बिनबुचाची होडी कोण आणि कुठवर नेणार? नानासो म्हणाला, बरं हाय, ठेव. तेव्हापासून सकाळी ती बूच काढून द्यायची आणि दुपारी परत घेऊन लुगड्याच्या कनवटीला खोचायची. आता होडी कुणी नेऊ शकत नाही, या विचारानं रात्री जराशी झोप लागायची.

चैत्र संपत आला होता. वस्तीतल्या एका मुलीचं लग्न खरसुंडीला होतं. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली, सगळी वस्ती रिकामी झाली. कुणी तरी राखणीला राहायला हवं होतं. नानासोला मुलीचा मामा म्हणून जाणं भाग होतं, धोंडुबाई मागं राहिली. बाकीच्या तीन होड्या घरांपाशी ओढून ठेवल्या होत्या. नानासोची मात्र तशीच काठावर, कारण तो सकाळी मासे धरूनच लग्नाला गेला होता. होडीशेजारी दोन मोठी जाळी वाळत होती.

ऊन चांगलंच तापलं होतं. मेंढरांच्या जुन्या वाड्यात, काट्यांच्या कुंपणाआड बाभळीच्या सावलीत, धोंडुबाई तिसरं जाळं सांधत बसली होती. तेवढ्यात बंधाऱ्याच्या बाजूनं दोन माणसं काठाकाठानं चालत आली. एक उंच, डोक्याला टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. दुसरा निळ्या शर्टातला, अंगानं जाडसर. मासे घ्यायला आले असतील असं तिला वाटलं. उंचानं वस्तीकडं तोंड करून हाक दिली, "कोण हाय का?" थांबून पुन्हा दिली. धोंडुबाई ओ देणारच होती, तेवढ्यात निळ्या शर्टाच्या हातात लांब दांड्याची कातर दिसली. लोखंड कापायची.

तिनं तोंड मिटलं. ती हळूच जमिनीला पोट लावून झोपली. कुंपणाच्या फटीतनं होडी पन्नास पावलांवर दिसत होती. डोळ्यांपुढं सुलाबाईच्या दिराची मनगटं आली. तिनं नानासोला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तिकडं बँड लागला असणार. परत लावला, तेच. आणि मग तिच्या ध्यानात आलं की नानासोनं आता उलट फोन केला तर तो इथं वाजेल. फोनचा आवाज बंद कसा करतात हे तिला येत नव्हतं. तिनं तो घोंगड्यात गुंडाळला, घोंगडं छातीखाली घेतलं आणि त्यावर सगळा भार देऊन पडून राहिली.

साखळी तुटल्याचा आवाज आला. दोघांनी वाळत घातलेली जाळी खाली अंथरलेल्या गोणपाटासकट उचलून होडीत टाकली, वल्ही घेतली. होडी खाली ढकलताना ती काठावरच्या दगडांना करकरली. टेंपो पलीकडं बंधाऱ्यावर उभा असणार, हे तिला कळून चुकलं. वस्तीच्या दारावरनं होडी नेता येत नाही, म्हणून ते ती पाण्यातनं पलीकडं नेणार होते.

होडी पाण्यात शिरली तेव्हा धोंडुबाईला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. जाऊ दे, गेले एकदाचे, आपण जिवंत हाय. ती कुशीवर वळली, आणि कमरेला बूच टोचलं.

आधी वाटलं, बरं झालं. पाणी दिसलं की माघारी फिरतील. मग तिला आठवलं, भोक फळ्यांच्या खाली आहे आणि फळ्यांवर दोन जाळी आहेत. पाणी त्यांना दिसणारच नाही. दिसेल तेव्हा होडी बंधाऱ्याच्या मोरीपाशी, पाणी सोडायच्या दारापाशी पोचलेली असेल, आणि तिथं चाळीस फूट पाणी.

तलावाच्या मध्यात बोरीचं एक वठलेलं झाड पाण्यात उभं होतं. काठापासून त्या बोरीपर्यंत होडी जाईस्तोवर धोंडुबाई पडून होती. ओरडलं तर कळेल की इथं बाई एकटी आहे. माघारी फिरून आले तर? त्यांच्याजवळ दोरी आहे, कातर आहे. नाही ओरडलं तर दोन माणसं बुडतील, आणि बुडवणारं बूच आपल्या कनवटीला. होडी बोरीला पोचली. मागची बाजू जराशी दबल्यासारखी दिसली.

ती उठली. काठापर्यंत पळत गेली आणि असेल नसेल ते बळ लावून ओरडली, "माघारी फिरा. होडीला बूच न्हाई. बुडशीला."

दोघांनी वळून पाहिलं. वारा तिकडनं इकडं वाहत होता. त्यांना एवढंच कळलं असावं की काठावर एक बाई उभी आहे आणि ती बोंब मारतेय. ते जोरजोरात वल्ही मारू लागले. ती हात हलवत राहिली, कनवटीचं बूच काढून उंच धरून दाखवत राहिली. इतक्या लांबनं त्यांना काय दिसणार?

होडीचं शेपूट खाली गेलं तसं पुढचं टोक वर उचललं. उंच माणूस उभा राहिला, त्याबरोबर होडी कलंडली. दोघंही पाण्यात. उंच माणूस पोहणारा होता. तो हात मारत बंधाऱ्याला लागला, दगडांवरनं वर चढला, आणि एकदाही मागं न बघता दिसेनासा झाला. थोड्या वेळानं टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला.

होडी पालथी होऊन तरंगत होती. फायबरची, बुडली नाही. तिच्या कडेला निळा शर्ट लटकला होता. मुंडकं खाली जात होतं, वर येत होतं. त्याला पोहायला येत नव्हतं आणि जाळी त्याच्या पायांत गुंतली होती. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या असतात. त्या त्याला खाली ओढत होत्या. तिच्या हातानं विणलेली जाळी कशी धरतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ट्यूब कुंपणापाशीच पडली होती. धोंडुबाई आयुष्यात तिच्यावर बसली नव्हती. तिनं विळा कमरेला खोचला, ट्यूब पाण्यात ढकलली, फळीवर उपडी पडली आणि नानासो मारतो तसे दोन फळकुटांनी हात मारू लागली. पाणी हनुवटीला लागत होतं. खाली किती खोल असेल हा विचार येऊ नये म्हणून ती बिरोबाचं नाव मोठ्यानं घेत होती. मध्येच ट्यूब गरगरली आणि तोंड उलट दिशेला झालं, तेव्हा तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं ती परत वळवली.

जवळ गेल्यावर त्या माणसानं तिच्या कमरेचा विळा पाहिला. त्याचे डोळे पांढरे झाले.

"मावशी, मारू नका," तो म्हणाला. "पाया पडतो, मारू नका."

"गप ऱ्हा. मला धरायचं न्हाई. ट्यूब धर," ती म्हणाली. "पाय हालवू नगंस."

त्यानं ट्यूबला मिठी मारली तशी ती एका अंगाला कलली आणि धोंडुबाई खांद्यापर्यंत पाण्यात गेली. तिला वाटलं, संपलं. पण ट्यूब सावरली. तिनं एक हात फळीला आवळून दुसऱ्या हातानं पाण्यात चाचपडत त्याच्या पायाचं जाळं शोधलं आणि विळ्यानं कापायला घेतलं. नायलॉन चिवट. एकेक फास कापावा लागत होता. तो थंडी भरल्यागत कापत होता आणि तीही. मधूनच विळा त्याच्या पिंढरीला लागला, तरी तो ओरडला नाही. शेवटचा फास तुटला आणि जाळं शिशाच्या वजनानं खाली गेलं.

काठाला यायला किती वेळ लागला ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. काठावर दोघंही चिखलात पडली. तो ओकत होता. ती त्याच्यापासून दहा पावलं सरकून, विळा मांडीवर धरून बसली. पळून जायचं त्याच्यात बळ नव्हतं, आणि त्याला धरून ठेवायचं तिच्यातही नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यानं आपलं नाव सूरज असं सांगितलं. मिरजेच्या पलीकडचा होता. पळून गेलेला त्याचा मेहुणा. तो मेहुण्याचं नाव घ्यायचा आणि बंधाऱ्याकडं बघायचा.

मग त्यानं विचारलं, "होडीत पाणी कसं आलं?"

धोंडुबाईनं त्याला बूच दाखवलं. तो त्याकडं बघत राहिला.

नानासोनं बँड थांबल्यावर फोन पाहिला होता, आणि तो तिघांना घेऊन दोन मोटारसायकलींवरनं आला. पाठोपाठ ट्रॅक्टर भरून माणसं आली. कापलेली साखळी, पालथी होडी, काठावर परका माणूस, कुणाला काही सांगावं लागलं नाही. लग्नाच्या पांढऱ्या कपड्यांत माणसांनी कुंपणाच्या काठ्या उपसल्या. सुलाबाईचा दीरही त्यांच्यात होता, आणि त्याच्या हातातला दगड धोंडुबाईनं पाहिला. सकाळपासून ती घाबरली होती, पण इतकी आत्ताच. ही सगळी ओळखीची, घरातली माणसं. ती उठून सूरजच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"ह्याला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "मी ह्याला एकदा मारलाय. आता पुन्यांदा न्हाई."

तिचं बोलणं कुणाला नीट समजलं नाही. पण नानासो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. हळूहळू काठ्या खाली आल्या. दगड सगळ्यांत शेवटी खाली पडला.

पोलीस आले, पंचनामा झाला. सूरजनं मेहुण्याचं नाव दिलं. आठ दिवसांत तो धरला गेला आणि एका शेडमध्ये दोन होड्या, एक इंजिन आणि कितीतरी जाळी सापडली. सुलाबाईच्या दिराला बांधणारा मेहुणाच होता. त्या वेळी सूरज नव्हता, असं तो म्हणाला, आणि दिरानं त्याला बघून तसंच सांगितलं. जबाब देताना धोंडुबाईनं बुचाचं सगळं सांगितलं. हवालदारानं 'होडी बुडाली' एवढंच लिहिलं. बुचाचंही लिवा, असं तिनं दोनदा म्हटल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं.

"बाई, तुमची होडी, तुमचं बूच. त्यात काय लिवायचं?"

तिनं अंगठा दिला आणि बाहेर आली.

त्यानंतर महिनाभर तिला घर सोडवेना आणि घरात राहवेना. मेहुण्याचे लोक येतील असं वाटायचं. मल्हार येऊन तिला विश्रामबागला घेऊन गेला. सून सृष्टी कामावरनं लवकर यायची, तिच्याशी बोलत बसायची. पण तिथं रस्त्यावरनं दिवसभर टेंपो जायचे, आणि प्रत्येक टेंपोसरशी धोंडुबाई खिडकीपाशी. नवव्या दिवशी तीच म्हणाली, मला एसटीत बसवून द्या.

घरी आल्यावर तिनं ते कापलेलं जाळं पुढ्यात घेतलं. नानासोनं ते तलावाच्या तळातनं गळ टाकून काढलं होतं. तो समोर बसून शिशाच्या गोळ्या निवडत होता. ज्या गोष्टीबद्दल हवालदारानं विचारलं नव्हतं, गावानं विचारलं नव्हतं, ती तिनं त्याला सांगितली. काठापासून बोरीपर्यंत मी गप पडून होते. मला ठाऊक होतं, तरी गप होते.

नानासोनं हातातली गोळी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी आसतो तर वरडलोच नसतो."

हे ऐकून तिचं ओझं हलकं झालं असं नाही. पण चाळीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी खोटं बोलला नव्हता, आणि आताही बोलला नाही, एवढं तिला कळलं. तिनं पहिला फास सांधायला घेतला.

पुढं संस्थेच्या बैठकीत धोंडुबाई पहिल्यांदा बोलली. एकट्यानं राखणीला बसायचं नाही, दोघांनी बसायचं, असं तिनं मांडलं आणि ते सगळ्यांनी धरलं. होड्यांवर हातभर मोठे आकडे रंगवले. प्रत्येक घरानं आपल्या जाळ्याच्या बुचक्यांना, म्हणजे जाळं पाण्यावर तरंगत ठेवणाऱ्या गोळ्यांना, वेगळा रंग दिला, मल्हारनं सगळ्याचे फोटो काढून ठेवले. बंधाऱ्याच्या तोंडाला आडवा दांडा बसवला. त्याला दोन वर्षं होत आली. त्या तलावावरनं तेव्हापासून दोरीचा तुकडाही गेलेला नाही. सूरज जामिनावर सुटला, आता दुधाची गाडी चालवतो, असं कुणी तरी सांगितलं. धोंडुबाईनं ऐकून घेतलं.

तिची पाळी सुलाबाईबरोबर असते. परवा वस्तीतली नवी सून, रेश्मा, पहिल्यांदाच राखणीला आली होती, शिकायला म्हणून. बंधाऱ्यावर एक गाडी थांबली, तशी धोंडुबाईच्या हातातली सुई थांबली आणि तोंडाला कोरड पडली. सुलाबाईनं मुकाट्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. गाडीवाल्यानं आरशात बघून केस विंचरले आणि तो निघून गेला.

रेश्मानं विचारलं, "आत्ती, तुमाला आजून भ्या वाटतं?"

"वाटतं की," धोंडुबाई म्हणाली. "म्हणून तर दोघी बसतो. सरक जरा, सावली तिकडं गेलीया."